मालवणचा छोटा उपसागर आणि भोवतालची गावे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मालवणचा उपसागर नेमका कोठे आहे आणि त्याची हद्द कोठून कोठपर्यंत धरावी?

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या मालवण तालुक्यात, साधारण १६ अंश ३ मिनिटे उत्तर अक्षांश आणि ७३ अंश २८ मिनिटे पूर्व रेखांशावर हा उपसागर आहे. उत्तरेस राजकोटचा खडकाळ उंचवटा, दक्षिणेस दांडी-वायरीची पुळण (वाळूचा किनारा) आणि समोर पाण्यात सिंधुदुर्ग किल्ल्याचे बेट, या तिघांच्या मधले उथळ पाणी म्हणजे काटेकोर अर्थाने मालवणचे बंदर. परंतु एवढ्याच तुकड्याचा विचार केला तर येथील किनारा समजत नाही. उत्तरेला गड नदीचे मुख आणि दक्षिणेला कर्ली नदीचे मुख, या दोहोंमधला सुमारे बारा ते पंधरा किलोमीटरचा किनारा एकत्र पाहावा लागतो, कारण येथे येणारी वाळू, गोडे पाणी, गाळ आणि मासळी यांचे येणे-जाणे या दोन मुखांशी बांधलेले आहे. पुढील उत्तरांत हा व्यापक पट्टाच गृहीत धरला आहे.

उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना कोणती ठिकाणे लागतात?

सर्वांत उत्तरेस तोंडवळी-तळाशील ही वाळूची चिंचोळी पट्टी आहे. तिच्या एका बाजूस समुद्र आणि दुसऱ्या बाजूस गड नदीची कालावल खाडी आहे. मुखाच्या दक्षिणेस सर्जेकोट लागतो. येथे शिवकाळातील लहान कोट आहे आणि मासेमारीचे बंदरही आहे. त्यानंतर कोळंबची खाडी, मग चिवल्याची अर्धवर्तुळाकार पुळण, मग राजकोटचे खडक आणि त्यांच्या कुशीत मालवणचा धक्का व बाजारपेठ. धक्क्याच्या दक्षिणेस दांडी, वायरी, तारकर्ली आणि शेवटी देवबाग. देवबागच्या टोकाशी कर्ली नदी समुद्राला मिळते आणि पलीकडच्या तीरावर वेंगुर्ले तालुक्यातील भोगवे दिसते. या क्रमात खडक आणि वाळू आळीपाळीने येत राहतात, आणि प्रत्येक गावाचा व्यवसाय, घरांची ठेवण आणि धोके त्याच्या वाट्याला यांपैकी काय आले यावर ठरलेले आहेत.

येथील किनारा इतका खडकाळ का आहे? कोकणात सगळीकडे काळा पाषाणच असतो ना?

मुंबईपासून रत्नागिरीपर्यंत प्रवास केलेल्या माणसाला असे वाटणे स्वाभाविक आहे, पण मालवण हे भूशास्त्रीय दृष्ट्या सीमेवरचे ठिकाण आहे. दख्खनच्या पठारावर पसरलेली बेसॉल्टची, म्हणजे काळ्या पाषाणाची, थोर चादर दक्षिणेकडे पातळ होत या जिल्ह्यात संपते, आणि तिच्याखाली दडलेले फार जुने खडक, म्हणजे पट्टिताश्म, क्वार्टझाइट आणि कलादगी मालिकेचे वालुकाश्म, उघडे पडू लागतात. वर जांभ्याचे सडे आहेतच. त्यामुळे विजयदुर्ग-देवगडकडे दिसणारा उंच, सलग, कड्यांचा किनारा येथे राहत नाही. त्याऐवजी सुटे उंचवटे, पाण्यात अर्धवट बुडालेले खडक आणि त्यांच्यामध्ये साठलेली वाळू असे चित्र दिसते. कठीण खडक टिकून राहिला तेथे टोक किंवा बेट उरले, आणि दोन टोकांमधल्या आडोशाला लाटांनी वाळू आणून टाकली तेथे पुळण झाली. चिवल्याची पुळण हे त्याचे नेटके उदाहरण आहे.

सिंधुदुर्ग किल्ल्यासाठी हेच बेट का निवडले गेले?

या प्रश्नाचे उत्तर इतिहासाच्या पुस्तकांत बहुधा सिद्दी, पोर्तुगीज आणि इंग्रज यांच्यावर वचक बसवण्याच्या संदर्भात दिले जाते आणि ते योग्यच आहे. तथापि जागेची निवड समजून घ्यायची असेल तर समुद्राचा तळ पाहावा लागतो. किल्ला ज्यावर उभा आहे ते कुरटे बेट किनाऱ्यापासून अर्ध्या किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे किनाऱ्यावरच्या तोफांच्या आणि मदतीच्या टप्प्यात आहे. त्याच्या पश्चिमेस व दक्षिणेस पाण्याखालच्या खडकांची इतकी दाटी आहे की वाट ठाऊक नसलेले मोठे जहाज जवळ येऊच शकत नाही. उथळ बुडाची होडी चालवणाऱ्या आणि प्रत्येक खडक ओळखणाऱ्या स्थानिक नाविकाला मात्र हेच पाणी घरासारखे असते. ज्या खडकांमुळे मालवण कधी मोठे व्यापारी बंदर होऊ शकले नाही, त्याच खडकांमुळे ते उत्तम आरमारी ठाणे झाले, हे या उपसागराच्या भूगोलाचे सार आहे असे मला वाटते.

किल्ल्याची पायाभरणी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांच्या हस्ते झाली आणि बांधकाम सुमारे तीन वर्षे चालले. हिरोजी इंदुलकर यांचे नाव या कामाशी जोडलेले आहे. बेटाचे क्षेत्र सुमारे ४८ एकर आहे आणि तट खडकाच्या कडेकडेने नागमोडी फिरवलेला असल्याने त्याची लांबी सरळ रेषेतल्या मापापेक्षा बरीच अधिक, तीन किलोमीटरच्या घरात, भरते. मुख्य दरवाजा समुद्राकडे नसून शहराच्या दिशेला आहे आणि तटाच्या वळणात तो असा लपवला आहे की होडी अगदी जवळ येईपर्यंत तो दिसत नाही. पायाभरणीच्या वेळी ज्या खडकावर पूजा झाली असे मानले जाते, तो मोरयाचा धोंडा दांडीच्या किनाऱ्यावर आजही आहे. बेटावर जाण्याच्या घाईत बहुतेक पर्यटक तो न पाहताच परततात, याची खंत वाटते.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ल्यांचा समूह जागतिक वारसा यादीत समाविष्ट केला. सिंधुदुर्ग हा त्यांपैकी एक आहे. येथे ‘भूप्रदेश’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण एकटा तट जपून आणि भोवतालचे पाणी, खडक व किनारा बिघडू देऊन हा वारसा जपला जाणार नाही.

मग पद्मगड, राजकोट आणि सर्जेकोट हे वेगळे किल्ले आहेत का?

ते स्वतंत्र कोट असले तरी सिंधुदुर्गाचे पहारेकरी म्हणूनच त्यांचा विचार करावा. पद्मगड दांडीचा किनारा आणि सिंधुदुर्ग यांच्या मधल्या लहान बेटावर आहे आणि मोठ्या ओहोटीला तेथवर वाळूचा दांडा उघडा पडतो. राजकोट उत्तरेच्या उंचवट्यावरून बंदरात शिरण्याच्या वाटेवर नजर ठेवतो. सर्जेकोट त्याहून उत्तरेला, खाडीच्या तोंडाजवळ, जहाजांना पावसाळ्यात आसरा देण्याच्या जागेचे रक्षण करतो. चार ठिकाणे नकाशावर जोडून पाहिली म्हणजे एकच संरक्षणव्यवस्था डोळ्यांसमोर उभी राहते.

चहूबाजूंनी खारे पाणी असताना किल्ल्यात गोड्या पाण्याच्या विहिरी कशा?

किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन विहिरी आहेत. पावसाचे पाणी बेटाच्या मातीतून व खडकाच्या भेगांतून मुरते आणि खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्याने त्याच्या वर तरंगत राहते. उपसा बेताचा असेल तोवर हा साठा टिकतो. देवबाग आणि तळाशीलच्या वाळूच्या पट्ट्यांतील विहिरींचे गणितही हेच आहे. समुद्र एका हाकेवर आणि खाडी दुसऱ्या हाकेवर असूनही तेथे शतकानुशतके गोडे पाणी मिळत आले आहे. मात्र पट्टी जितकी अरुंद तितका हा गोड्या पाण्याचा थर पातळ असतो, आणि पंप लावून उन्हाळ्यात जोराने उपसा केला की खालचे खारे पाणी वर येते. एकदा विहीर खारट झाली की ती सुधारण्यास पुढचा पावसाळाही कधी कधी पुरत नाही. पट्टीवर नवे निवास उभारणाऱ्या प्रत्येकाने हे आधी समजून घेतले पाहिजे.

कर्ली आणि गड या नद्यांचे उपसागराशी नाते काय?

दोन्ही नद्या सह्याद्रीच्या उतारावर उगम पावतात आणि कोकणच्या रिवाजाप्रमाणे थोड्याच अंतरात समुद्र गाठतात. गड नदी कणकवलीवरून येते. कर्ली कुडाळवरून येते आणि कुडाळकडे तिला भंगसाळ म्हणतात. पावसाळ्यात त्या मातकट पाणी आणि वाळू घेऊन येतात. उन्हाळ्यात त्यांचा प्रवाह इतका रोडावतो की भरतीचे खारे पाणी कित्येक किलोमीटर आत शिरते. त्यामुळे खाडीकाठच्या गावांत एकाच जागी वर्षातून दोन निरनिराळ्या पाणी-परिसंस्था नांदतात. कांदळवन, कालवे, तिसरे, खाडीतली कोळंबी या सगळ्यांचे जीवन या बदलत्या खारटपणावर अवलंबून असते.

नकाशा नीट पाहिला तर एक गोष्ट लक्षात येते. गडच्या मुखाशी असलेली तळाशीलची पट्टी आणि कर्लीच्या मुखाशी असलेली देवबागची पट्टी, दोन्ही उत्तरेकडून दक्षिणेकडे लांबलेल्या आहेत आणि दोन्ही नद्या समुद्राजवळ येऊनही थेट न मिळता पट्टीच्या आडून दक्षिणेला वळून मग मिळतात. नदीची वाळू आणि लाटांची ओढ यांच्या दीर्घ देवघेवीतून अशा पट्ट्या घडतात. म्हणूनच त्या स्थिर जमीन नाहीत. कर्लीच्या मुखाजवळ पर्यटकांना ‘त्सुनामी बेट’ म्हणून दाखवला जाणारा वाळूचा उंचवटा याच प्रक्रियेचा भाग आहे आणि त्याचा आकार ऋतूगणिक बदलतो.

देवबागचा किनारा खचतो आहे, हे खरे आहे का?

होय, आणि हा या परिसरातील सर्वांत गंभीर प्रश्न आहे. देवबाग हे समुद्र आणि कर्ली यांच्या मध्ये वसलेले गाव आहे. काही ठिकाणी एका पाण्यापासून दुसऱ्या पाण्यापर्यंत चालत जाण्यास अगदी थोडी मिनिटे लागतात. पावसाळ्यात उधाणाच्या भरतीला पश्चिमेची पुळण कापली जाते आणि त्याच वेळी पुराने फुगलेली नदी पूर्वेचा काठ खाते. ऑक्टोबर २०१९ मधील ‘क्यार’ आणि मे २०२१ मधील ‘तौक्ते’ या चक्रीवादळांनी या किनाऱ्याला दिलेले तडाखे गावकरी विसरलेले नाहीत. ‘तौक्ते’ १६ मे रोजी जिल्ह्याच्या किनाऱ्यासमोरून उत्तरेकडे गेले. ते येथे जमिनीवर आले नव्हते, तरीही झाडे, छपरे, होड्या आणि विजेच्या तारा यांचे अतोनात नुकसान झाले.

उपाय म्हणून दगडी धूपप्रतिबंधक बंधारे घातले जातात. घर वाचवायचे असेल तेव्हा बंधाऱ्याला पर्याय दिसत नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु भिंतीवर आदळून परतणारी लाट तिच्या पायथ्याची वाळू ओढून नेते आणि भिंत संपते तेथे धूप अधिक वेगाने सुरू होते, हेही तितकेच खरे आहे. पुळण ही समुद्राने वाळू घ्यावी आणि परत आणून द्यावी अशी हलती ठेव आहे. नदीपात्रातून वाळूचा बेसुमार उपसा झाला, मागच्या बाजूचे कांदळवन तुटले आणि वाळूच्या टेकड्यांवरची, वाळू धरून ठेवणारी मर्यादवेल काढून तेथे बांधकाम झाले, तर परत येणारी वाळूच कमी होते. बंधाऱ्याची मागणी करताना या तीन गोष्टी थांबवण्याची मागणी तितक्याच आवाजात व्हायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

भरती-ओहोटीचे प्रमाण किती असते आणि वेळ कशी ओळखावी?

येथे दिवसातून दोनदा भरती व दोनदा ओहोटी येते आणि उधाणाच्या दिवसांत पाण्याच्या पातळीतील फरक साधारण दोन ते अडीच मीटर असतो. मुंबईच्या तुलनेत हा फरक बराच कमी आहे. वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढण्याची जुनी रीत मुंबईच्या बाजूस वापरली जाते. मालवणात भरती त्याआधी येते, कारण पश्चिम किनाऱ्यावर भरतीची लाट दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते. खडकांत फिरायचे असेल तर अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची मोठी ओहोटी निवडावी आणि पाणी वळण्यापूर्वी परतावे. पद्मगडाच्या दांड्यावर रेंगाळणाऱ्यांच्या पायाखाली पाणी फार लवकर येते.

सागरी अभयारण्य म्हणजे नेमका कोणता भाग?

१३ एप्रिल १९८७ रोजी मालवणच्या समुद्रातील २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाले. त्यापैकी सुमारे ३.१८ चौरस किलोमीटरचा गाभा सिंधुदुर्ग-पद्मगडाच्या परिसरात आहे. प्रवाळ म्हटले की लक्षद्वीप किंवा अंदमान आठवतात, पण येथील बुडालेल्या खडकांवरही जिवंत प्रवाळ आहेत. ते मोठी भिंत उभारत नाहीत, खडकाला चिकटून लहान-मोठ्या ढेपांच्या रूपात वाढतात. त्यांच्याबरोबर समुद्री शैवाल, स्पंज, समुद्रफुले, शंख-शिंपले आणि रंगीत मासे नांदतात. उपसागराबाहेर डॉल्फिनचे थवे दिसतात.

पावसाळ्यात नद्यांचा गाळ येऊन पाणी गढूळ होते आणि गोडेपणाही वाढतो. अशा पाण्यात प्रवाळाने तग धरणे ही सोपी गोष्ट नाही. त्यावर पर्यटनाचा भार पडतो तेव्हा नांगर टाकणे, खडकावर उभे राहणे, आठवण म्हणून तुकडा तोडणे यांसारख्या क्षुल्लक वाटणाऱ्या कृतींनी अनेक वर्षांची वाढ क्षणात नष्ट होते. दुसऱ्या बाजूने, अभयारण्याची घोषणा झाल्यापासून आपला व्यवसाय बंद पडेल ही मच्छीमारांची भीती कायम आहे आणि तिच्याकडे तुच्छतेने पाहणे अन्यायाचे ठरेल. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हे खडक ओळखले त्यांना सोबत घेतल्याशिवाय संरक्षण केवळ कागदावरच राहील.

येथील मासेमारीचा आणि भूगोलाचा काय संबंध आहे?

रापण हे त्याचे सर्वांत सुंदर उत्तर आहे. होडीतून लांबलचक जाळे अर्धवर्तुळात सोडायचे आणि त्याची दोन टोके किनाऱ्यावरून अनेक माणसांनी मिळून ओढायची, अशी ही सामुदायिक पद्धत आहे. तिला स्वच्छ वाळूचा, मंद उताराचा तळ लागतो, कारण एक खडक आडवा आला तरी जाळे फाटते. म्हणून रापण दांडी, वायरी, तारकर्ली, देवबाग, तळाशील अशा पुळणींवर वाढली आणि तिच्याबरोबर मिळालेली मासळी वाटून घेण्याचे नियमही घडले. खडकांच्या भागात मात्र लहान होड्या, गळ आणि स्थिर जाळी यांची परंपरा आहे. गाबित समाज हा या व्यवसायाचा कणा आहे. बांगडा, तारली, पेडवे, सुरमई, सरंगा ही येथली ओळखीची मासळी.

यांत्रिक ट्रॉलर, माशांच्या थव्याला वेढा घालणारी पर्ससीन जाळी आणि रात्री प्रखर दिव्यांनी होणारी मासेमारी यांच्यामुळे किनाऱ्याजवळची मासळी घटल्याची तक्रार पारंपरिक मच्छीमार सातत्याने करत आले आहेत. राज्य शासनाने फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध घातले. प्रजननकाळासाठी १ जून ते ३१ जुलै अशी यांत्रिक मासेमारीची बंदी असते. नारळी पौर्णिमेला बंदरावर समुद्राला नारळ अर्पण केला जातो आणि नव्या हंगामाची लगबग सुरू होते.

मालवण हे शहर येथेच का वाढले आणि मागे का पडले?

रस्ते नव्हते तेव्हा समुद्र हाच हमरस्ता होता. घाटमाथ्याकडून येणारा माल येथे उतरत असे. मुंबईच्या आगबोटी खडकांमुळे दूर नांगर टाकत आणि प्रवासी होड्यांतून धक्क्यावर येत. इंग्रजांनी १७६५ मध्ये किल्ला घेऊन त्याला फोर्ट ऑगस्टस असे नाव दिले होते. पुढे तो करवीरकरांकडे, म्हणजे कोल्हापूरच्या छत्रपतींकडे, परत गेला आणि १८१२ च्या तहाने मालवण पुन्हा इंग्रजांकडे आले. विसाव्या शतकात वाहतूक रस्त्यावर गेली, कोकण रेल्वे तीसेक किलोमीटर आतून कुडाळ-कणकवलीमार्गे गेली, आणि १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळ्या झालेल्या जिल्ह्याचे मुख्यालयही महामार्गालगत ओरोसला झाले. त्यामुळे बंदराचे व्यापारी महत्त्व ओसरले. आज शहर मासळी, पर्यटन आणि तालुक्याचा बाजार यांवर उभे आहे.

किनाऱ्यामागच्या गावांपैकी कोणती आवर्जून समजून घ्यावीत?

धामापूर सर्वांत आधी. दोन टेकड्यांमध्ये बांध घालून सोळाव्या शतकात तयार केलेला तेथील तलाव आजही शेतीला व मालवण शहराला पाणी देतो. २०२० मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय पातळीवर वारसा सिंचन रचनेचा मान मिळाला. किनाऱ्यावरील माणसांची तहान किनाऱ्यामागच्या झाडीवर कशी अवलंबून आहे, हे तेथे गेल्यावर पटते. मसुरे आणि बांदिवडे ही कालावल खाडीच्या दोन काठांवरील गावे. भरतगड एका बाजूस आणि भगवंतगड दुसऱ्या बाजूस उभा असल्याने खाडी हीच एके काळी सत्तेची सीमा होती हे ध्यानात येते. मसुऱ्याच्या आंगणेवाडीतील भराडीदेवीची जत्रा सर्वांना ठाऊक आहेच. आचरे, कट्टा आणि चौके ही बाजाराची व वाटेवरची गावे.

परिसर पाहण्यासाठी कोणता काळ योग्य आहे आणि कसे यावे?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम, कारण तेव्हा समुद्र शांत आणि पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ असते. पावसाळ्यात किल्ल्याची होडीवाहतूक बंद असते. वर्षभरात सुमारे तीन हजार मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये कोसळतो. रेल्वेने कुडाळ, कणकवली किंवा सिंधुदुर्ग स्थानकावर उतरून रस्त्याने यावे. महामार्गावरून कसाळचा फाटा सोयीचा आहे. कर्लीच्या दक्षिणेस परुळे-चिपी येथे ऑक्टोबर २०२१ मध्ये विमानतळ सुरू झाला असून विमानांचे वेळापत्रक आधी पाहून घ्यावे. एकच दिवस हाती असेल तर सकाळी किल्ला, ओहोटीच्या वेळी दांडी आणि मोरयाचा धोंडा, आणि दुपारनंतर देवबागचा संगम असा क्रम ठेवावा. दोन दिवस असतील तर दुसरा दिवस धामापूर आणि कालावल खाडीला द्यावा.